डाग शॉवरखाली, ओल गुडघ्याखाली

जळगावच्या एका ताईंचं पत्र आहे. स्वतःचं बैठं घर, 2009 साली बांधलेलं. टाकीत महापालिकेचं आणि बोअरचं असं दोन्ही पाणी पडतं. उन्हाळ्यात बोअरचंच जास्त. बाथरूममध्ये शॉवरच्या दांडीखाली टाइल्सवर वीतभर तांबडा ओघळ उतरला आहे. संडासाच्या ॲसिडने घासला की जातो, पंधरा दिवसांत परत येतो, आणि आता आधीपेक्षा गडद येतो. शॉवर बंद केल्यावरही थेंब गळतात, कधी कधी रात्रभर. भिंतीच्या पलीकडे झोपायची खोली आहे. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल आली असून रंगाचे पोपडे सुटताहेत. प्लंबर पाच मिनिटं पाहून म्हणाला, ‘लाइन सडी गयी ताई, भिंत फोडनी पडी.’ वर नव्या टाइल्स, आणि अर्धे पैसे आधी. यजमान म्हणतात, पाणीच खराब आहे, सॉफ्टनर बसवू. सासूबाई म्हणतात, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ द्या, मग बघू. लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी तीन आठवड्यांवर आली आहे. ‘मला यातलं काही कळत नाही, फसवणूक होईल अशी भीती वाटते. कोणाचं ऐकू?’ असं ताई विचारतात.

प्रिय ताई,

तुम्हाला यातलं काही कळत नाही, हे मला मान्य नाही. डाग किती दिवसांनी परत येतो, थेंब किती वेळ गळतात, ओल कुठपर्यंत चढली आहे, हे सगळं तुम्ही नीट पाहिलंय आणि लिहिलंय. पाच मिनिटांत निघून गेलेल्या माणसाकडे यातली एकही माहिती नव्हती. गळती शोधायला पाना नंतर लागतो, आधी असं लक्ष लागतं. त्यामुळे कोणाचं ऐकू, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. प्लंबर, यजमान, सासूबाई, तिघंही थोडे थोडे बरोबर असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

तुम्ही, प्लंबर, यजमान, सगळ्यांनीच एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे: डाग, थेंब आणि ओल या तिन्हींचं मूळ एकच. मला पत्र वाचून तसं वाटत नाही. शॉवरची दांडी साधारण साडेसहा-सात फुटांवर असते. मिक्सर, म्हणजे गरम-गार पाण्याचा नळ, तीन-साडेतीन फुटांवर. तुमची ओल गुडघ्याखाली आहे. दांडीमागच्या एल्बोतून, म्हणजे पाइपाच्या काटकोनी जोडातून, पाणी झिरपत असतं तर पलीकडच्या खोलीत त्याचा माग वरून खाली यायला हवा होता. डोक्याच्या उंचीवर रंग फुगलेला, आणि खाली येताना पसरत गेलेला. वीटकाम पाण्याला आतल्या आत बरंच खाली नेतं, म्हणून शक्यता अगदीच नाही असं म्हणणार नाही. पण जमिनीलगत पट्ट्यासारखी चढलेली ओल बहुतेक वेळा जमीन-भिंतीच्या सांध्यातून, सांडपाण्याच्या जाळीच्या कडेने किंवा खालच्या नळाच्या लाइनमधून येते. तसं असेल तर शॉवरची सगळी भिंत फोडून नवी लाइन टाकली तरी ओल तिथेच राहील. पैसे गेले, टाइल्स गेल्या, आणि पोपडे पुन्हा सुरू.

पुढचं काही करण्याआधी एक गोष्ट आजच बघा. त्या ओल्या भिंतीवर, पलीकडच्या खोलीत, विजेचा बोर्ड किंवा प्लग आहे का? गिझरची वायर त्याच भिंतीतून जाते का? नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या आहेत का? एकदा जरी आल्या असतील तर गिझरचा स्विच नव्हे, थेट बोर्डातला एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा आणि प्लंबरच्या आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या. घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या. ओल्या भिंतीचा शॉक माणूस मारतो. डाग महिनाभर राहिला तरी चालेल, हे काम उद्यावर टाकू नका.

आता डागाकडे येते. नळ आणि मिक्सर पितळेचे असतात, वर क्रोमचा मुलामा. पितळ तांबडं गंजत नाही. मुलामा उडाला तर त्यावर हिरवट डाग येतात. पांढरा खरखरीत थर येतो तो पाण्यातल्या क्षारांचा. तांबडा डाग म्हणजे कुठे तरी लोखंड आहे, एवढं नक्की. पण ते भिंतीतल्या पाइपाचंच असेल असं मुळीच नाही. 2009 च्या घरात भिंतीत बहुधा सीपीव्हीसीचा पाइप असतो, फिकट पिवळसर रंगाचा. पीव्हीसी पाइपांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात त्या काळात नव्या घरात लोखंडी लाइन टाकणारे कमीच. आणि प्लास्टिक फुटतं, सांध्यात सुटतं, पण गंजून सडत नाही. म्हणून ‘लाइन सडली’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: लाइन कशाची आहे? घर बांधलं तेव्हाच्या गवंड्याला किंवा यजमानांना आठवत असेल. गच्चीवर टाकीतून खाली उतरणारा पाइप बघा. तो पिवळसर असेल तर आतही तोच असण्याची शक्यता मोठी, मात्र वरचा तुकडा नंतर बदललेला नाही ना, ते विचारून घ्या.

मग लोखंड कुठलं? दांडी जिथे भिंतीत शिरते तिथे एक गोल चकती असते. प्लंबर तिला फ्लँज म्हणतात. ती फक्त झाकण म्हणून असते, पाणी अडवत नाही. स्वस्तातली फ्लँज पातळ लोखंडी पत्र्याची असते, वर चकचकीत मुलामा. पुढून नवी दिसते आणि मागून सोलत असते. हलकेच फिरवत पुढे ओढली तर ती दांडीवर सरकून येते. मागे मोबाइलचा टॉर्च मारा. टाइलला पाडलेलं भोक दांडीपेक्षा बरंच मोठं आणि उघडंच ठेवलेलं असेल, तर अंघोळीचं उडालेलं पाणी रोज तिथून आत जात असणार. चकतीच्या मागच्या काठावर गंजाच्या खपल्या दिसल्या आणि तुमचा ओघळ बरोबर तिच्या खालच्या टोकापासून सुरू होत असेल, तर डागाचा मालक सापडला. फ्रिजवरचं चुंबक फ्लँजला, दांडीला आणि आसपासच्या स्क्रूंना लावून बघा. घट्ट चिकटलं तर आत लोखंड किंवा हलक्या प्रतीचं स्टील. पण चिकटलं नाही म्हणून स्टील उत्तमच, असंही समजू नका. स्वस्त स्टीलचा एक प्रकार असा आहे की त्याला चुंबक चिकटत नाही आणि तरी तो गंजतो.

इथे तुमच्या ॲसिडबद्दल बोलायलाच हवं. संडासाचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते डाग काढतं, त्याबरोबर मुलामा खातं, स्टीलला बारीक छिद्रं पाडतं आणि टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. डाग दर वेळी आधीपेक्षा गडद येतो याचं कारण बहुतेक इथेच आहे: प्रत्येक घासणीत थोडं आणखी लोखंड उघडं पडतंय. शिवाय उघडे पडलेले सांधे पाणी आत घेतात. तेव्हा ॲसिड आजपासून बंद. आणि ते ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणाबरोबर कधीही एकत्र वापरू नका; त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. डागासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत घ्या. मगभर कोमट पाण्यात दोन चमचे, कापड भिजवून डागावर वीस मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. शॉवरच्या झारीची बुजलेली भोकंही याच पाण्यात मोकळी होतात. फक्त जमीन शहाबादी किंवा संगमरवरी असेल तर खाली हे पाणी साचू देऊ नका. हे दगड चुन्याचे, आंबट त्यांना खातं.

थेंबांचं काम सगळ्यात सोपं आहे. शॉवर बंद केल्यावर झारीत आणि दांडीत उरलेलं पाणी काही मिनिटं ठिबकतं, त्याला गळती म्हणत नाहीत. क्षारांनी भोकं अर्धवट बुजली असतील तर ते जास्त वेळ चालतं. रात्री झारी हलवून, पुसून कोरडी करा आणि खाली पातेलं ठेवा. सकाळी पातेल्यात पाणी साचलं असेल तर दोष वर नाही, खाली मिक्सरमध्ये आहे. चार-पाच फेरे फिरवायचा जुना नळ असेल तर रबरी वायसर झिजला, आणि अर्ध्याच्या अर्ध्या फेऱ्यात उघडणारा असेल तर आतली सिरॅमिक चकती बोअरच्या रेतीने चरे पडून खराब झाली. दोन्ही पुढून निघतात, पुढून बसतात. भिंतीत गाडलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) असला तरी त्याचा आतला भाग पुढूनच काढता येतो; जुना भाग काढून दुकानात नमुना म्हणून न्यायचा. यासाठी भिंत फोडायला सांगणाऱ्याला काम देऊ नका. आणि नळ जोर लावून आवळायची सवय घरात असेल तर तीही सोडा, वायसर त्यानेच कापला जातो.

मला वाटतं तुमच्याकडे डाग आणि थेंब यांचं नातं आहे. नळ रात्रभर झिरपतो म्हणून दांडीच्या आट्यांमधून पाणी सतत सरकत राहतं. आट्यांवरची टेफ्लॉन टेप पंधरा वर्षांत ढिली झालेली, त्यातून थोडं पाणी बाहेर येतं आणि फ्लँजच्या मागे साचतं. लोखंडी पत्रा कधी सुकतच नाही. त्याचा ओघळ खाली उतरतो. म्हणजे वायसर किंवा आतला भाग, नवी पितळेची किंवा चांगल्या स्टीलची फ्लँज, जुनी दांडी काढून आट्यांवर नवी टेप, भोकाभोवती सिलिकॉन. अर्ध्या दिवसाचं काम आहे. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, आठ-दहा वेढे; उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते.

पण दांडी काढायचं काम घाईचं नाही, आणि तुम्ही स्वतः करायचंही नाही. जुनी दांडी कधी आतल्या आत तुटते, कधी एल्बोच फिरतो, आणि मग भिंत खरोखरच फोडावी लागते. सकाळी करून घ्या, दुकानं उघडी असताना, पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. दांडी निघाली की प्लंबरला बाजूला करून टॉर्चने आत स्वतः बघा. आतला एल्बो पिवळा, पितळी दिसला तर निश्चिंत. काळा-तांबडा, खरबरीत दिसला तर तुमच्याकडे जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची लाइन आहे आणि प्लंबरचं म्हणणं गांभीर्याने घ्यायला हवं.

ही गोष्ट जुन्या घरांतल्या वाचकांसाठी महत्त्वाची आहे. भुसावळ, अमळनेर, धुळ्याकडच्या 1980-90 च्या घरांत भिंतीत जीआय पाइप असतात. ते आतून गंजत येतात. दाब हळूहळू कमी होत जातो, आणि सकाळचं पहिलं मगभर पाणी तांबडं येऊन मग स्वच्छ होतं. अशा घरात एक सांधा दुरुस्त केला की सहा महिन्यांत दुसरा फुटतो. तिथे लाइन बदलणं हेच शहाणपण. बदलतानाही भिंत फोडलीच पाहिजे असं नाही: जुनी लाइन बंद करून तशीच सोडायची आणि नवी सीपीव्हीसी लाइन भिंतीवरून उघडी न्यायची. दिसायला थोडी कमी, पण पुढची तीस वर्षं कुठेही गळालं तर डोळ्यांना दिसतं. मला स्वतःला उघडी लाइन आवडते. झिरी मारून पाइप गाडायचा आणि मग गळतीच्या मागे भिंतीशी झटत बसायचं, यात शोभा किती आणि त्रास किती याचा हिशोब एकदा प्रत्येकाने करावा.

आता यजमानांचं पाणी. तेही चूक नसतील. वाघूर धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांचा स्वभाव वेगळा असतो, आणि उन्हाळ्यात तुमच्या टाकीत बोअरचं पाणी वाढतं. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर ते नळातून येताना स्वच्छ दिसतं आणि हवा लागल्यावर तांबडं होतं. पारदर्शक बाटलीत बोअरचं ताजं पाणी भरा, रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसला तर लोह आहे. दुसरी खूण याहून सोपी: कमोडच्या टाकीचं झाकण उचला. आतल्या भिंतींवर तांबडा थर असेल, बादलीच्या कडांवर, वॉश बेसिनमध्येही तसाच रंग असेल, तर डाग पाण्याचा. बाकी सगळं पांढरं आणि फक्त शॉवरखाली तांबडं असेल तर पाण्याला दोष देता येत नाही. फक्त गरम पाणी तांबूस येत असेल तर गिझर उघडून बघायला हवा; त्याच्या टाकीत गंज धरू नये म्हणून एक मॅग्नेशिअमची कांडी असते, जड पाण्यात ती लवकर संपते आणि मग टाकीलाच गंज धरतो.

पाण्यात लिटरला 0.3 मिलिग्रॅमहून जास्त लोह असलं की भांड्यांवर, टाइल्सवर, धुतलेल्या कपड्यांवर डाग धरतात. हे टीडीएसच्या (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणाऱ्या) यंत्राने कळत नाही, त्यामुळे विक्रेत्याने घरी येऊन आकडा दाखवला तरी त्यावर विसंबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. लोह आणि कठीणपणा दोन्ही तपासायला सांगा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो. सॉफ्टनर हा कठीणपणावरचा इलाज आहे. लोह जास्त असेल तर त्याच्यासाठी वेगळा फिल्टर लागतो, नाहीतर सॉफ्टनरमधलं रेझिनच लोहाने भरून निकामी होतं. बोअरमध्ये मोटर जुन्या जीआय पाइपांवर सोडलेली असेल तर लोह जमिनीतलं नसून त्या पाइपांचंही असू शकतं, हेही एकदा विचारा. म्हणजे सॉफ्टनर हा निर्णय अहवाल आल्यावरचा. आणि तो बसवला तरी नळाचे थेंब थांबणार नाहीत, ओलही सुकणार नाही.

राहिली ओल. हिच्यासाठी मला तुमचे पुढचे आठ-दहा दिवस हवे आहेत, कारण ओलीचं मूळ शोधताना पाणी ‘कुठून’ येतं यापेक्षा ‘कधी’ येतं हे आधी विचारायचं असतं. टाकीपासून मिक्सरपर्यंतच्या लाइनमध्ये चोवीस तास दाब असतो. मिक्सरपासून शॉवरपर्यंतच्या लाइनमध्ये, नळ नीट बंद होत असेल तर, दाब फक्त शॉवर चालू असतानाच येतो. आणि टाइल्सचे सांधे, जाळी, जमिनीचा कोपरा इथून पाणी फक्त अंघोळ केल्यावर आत जातं. तीन रस्ते, तीन वेळा. एप्रिलची कोरडी हवा या कामाला उत्तम, भिंत भराभर सुकते आणि खूण स्पष्ट मिळते. हेच श्रावणात करायला गेलात तर काहीच कळणार नाही.

आधी नळाची दुरुस्ती करून घ्या, नाहीतर थेंब सगळं गोंधळवतील. मग पलीकडच्या खोलीत ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. चार-पाच दिवस ते बाथरूम पूर्ण बंद, एक मगसुद्धा पाणी नाही. अंघोळी दुसरीकडे, दुसरं बाथरूम नसेल तर अंगणात आडोसा करून, उन्हाळाच आहे. ओल रेघेच्या आत सरकली, भिंत हाताला कोरडी लागायला लागली, तर चोवीस तास दाबाची लाइन संशयातून जवळजवळ सुटली. ओल तशीच राहिली किंवा वाढली, तर त्याच लाइनवर संशय. तेव्हा टाकीची परीक्षा घ्या: रात्री टाकी भरून, आत येणारं पाणी बंद करून, कमोडचे अँगल कॉक बंद करून पातळीला खूण करा आणि सकाळी बघा. 1000 लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर साधारण नऊ-दहा लिटर गेलं. बारीक झिरपणं एका रात्रीत कळत नाही, म्हणून दोन-तीन रात्री करा.

भिंत सुकायला लागली असेल तर पुढची परीक्षा शॉवरच्या लाइनची. मोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन तिचा तळ कापा, वरचं तोंड झारीला दोरीने बांधा, खालचं टोक बादलीत सोडा. शॉवर वीस मिनिटं चालवा, बादल्या बदलत राहा. टाइल्सवर थेंबही उडू द्यायचा नाही. हे पाणी झाडांना घाला. दोन दिवस असं केल्यावर ओल वाढली तर दोष पाइपात किंवा एल्बोत. वाढली नाही, तर तिसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी अंघोळ सुरू करा. आता रेघेबाहेर ओल आली की उत्तर मिळालं: पाइप ठीक आहेत, सांधे किंवा जाळीची कड पाणी पितेय. तुमच्या पत्रावरून माझा कौल याच बाजूने आहे. तेव्हा जुना सांधा खरवडून इपॉक्सीचं ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा मसाला), जाळीच्या कडेचं काम, जमीन-भिंतीचा कोपरा पक्का करणं एवढंच लागेल. पांढऱ्या सिमेंटचा हात वरून फिरवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, ते चार महिन्यांत सुटतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हीच परीक्षा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन करावी, आणि भांडणाच्या आधी करावी.

समजा पाइपच निघाला. तरी टाइल्स फोडायच्या आधी थांबा. भिंत चार-साडेचार इंची असेल तर झोपायच्या खोलीच्या बाजूने उघडा. तिथे प्लास्टर आहे आणि ते तसंही पोपडे धरून बसलंय. हातभर रुंद पट्टी फोडून सांधा बदलता येतो, परत प्लास्टर करता येतं, आणि बाथरूमच्या टाइल्स जशाच्या तशा राहतात. 2009 च्या टाइलचा जोड आज बाजारात मिळणं मुश्कील. म्हणूनच ‘सगळ्याच बदला’ असं सुचवलं जातं. झिरी बुजवण्याआधी दोन्ही टोकांना डमी (तोंड बंद करणारं बूच) लावून हातपंपाने दाब देऊन तपासायला सांगा आणि दाबाचा काटा तासभर तुमच्या डोळ्यांसमोर स्थिर राहिलेला बघा. त्यानंतरच प्लास्टर.

प्लंबरशी भांडू नका. कदाचित त्याने खरंच दहा घरांत सडलेल्या लाइनी पाहिल्या असतील. त्याला एवढंच म्हणा, ‘भाऊ, आधी वायसर आणि फ्लँज बदलून दे, दांडी काढून एल्बो दाखव, त्याचे पैसे लगेच घे. भिंतीचं नंतर बोलू.’ चांगला कारागीर याला तयार होतो. जो म्हणेल की फोडल्याशिवाय हातच लावणार नाही, त्याला चहा पाजून निरोप द्या. आधी पैसे द्यायचेच झाले तर सामानापुरते, दुकानाच्या पावतीवर.

आणि आखाजी. सासूबाईंचं निम्मं ऐका. सण होईपर्यंत भिंत फोडायची नाही, हे बरोबर. तीन आठवड्यांत फोडणं, प्लास्टर, ते सुकणं, टाइल्स, रंग हे सगळं बसवायला गेलात तर लेक दारात येईल तेव्हा घरात सिमेंटची पोती असतील आणि काम घाईत कच्चं होईल. पण तोवर काहीच करायचं नाही, हे मात्र चालणार नाही. या आठवड्यात वायरमन, वायसर, फ्लँज आणि लिंबूसत. पुढचे दहा दिवस पेन्सिलच्या रेघा. उत्तर सांध्यांचं आलं तर ग्राउटिंगही सणाआधी उरकेल, फक्त त्यानंतर तीन दिवस तिथे पाणी नको. भिंतीवरचे पोपडे तेवढे खरवडून ठेवा आणि खोलीत एक कपाट सरकवा, भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे मागे हवा खेळेल. लेक माहेरी येतेय, भिंत तपासायला नाही. तिला सांध्यावरच्या नव्या ग्राउटपेक्षा सांजोऱ्या आणि झोका जास्त आठवणार आहे, आणि तुमचा वेळही तिकडेच जायला हवा.

रंगाची घाई मुळीच करू नका. गळती थांबल्यावरही विटांत साठलेलं पाणी बाहेर यायला आठवडे लागतात, आणि बरोबर लोणा घेऊन येतं. पांढरी भुकटी दिसली की कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, धुतलं तर क्षार परत आत मुरतात. भुकटी यायची थांबली आणि पेन्सिलच्या रेघेच्या आत भिंत सगळीकडे एकसारखी कोरडी लागली की मग पुट्टी, मग रंग. पावसाळ्याच्या तोंडावर पोहोचलात तर सरळ दसऱ्यापर्यंत थांबा.